चार वाणांची दुपार

आप्पा माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघायला लागले आणि आकडा एकदम उडाला. दोन मिनिटं मी सरीत उकिडवी बसून होते. रेघ जरा कुठे सपाट होत आली होती, ती थेट पडद्याबाहेर गेली.

"काय झालं? बिघडलं का?"

"नाही आप्पा, तुमचा श्वास आत गेला."

त्यांना वाटलं मी रागावले. ते मुकाट्याने बांधावर जाऊन बसले. मला फार वाईट वाटलं. मग पान हवेतला किती वायू उचलतं ते मोजणारं मशीन तसंच ठेवून मी त्यांच्याजवळ गेले आणि सगळं सांगितलं. आपण सोडतो त्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४ टक्के असतो, म्हणजे दहा लाख भागांत ४०,००० भाग. मोकळ्या हवेत तो दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास. आणि मशीनच्या चिमट्यात धरलेलं पान तिथल्या हवेतून जो वायू उचलतं तो त्यातले दहा-वीस भाग. म्हणजे पसाभर धान्यातले दोन दाणे कमी झाले का ते मी मोजत होते आणि त्यात कोणीतरी पोतं ओतलं होतं. आप्पा ऐकून घेतात ते नीट ऐकून घेतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी हवा ओढायच्या नळीचं तोंड एका रिकाम्या कॅनमध्ये बसवलं आणि कॅन बांबूच्या टोकाला, वाऱ्याच्या दिशेने, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच बांधला. संपूर्ण हंगाम ती काठी शेतात उभी होती.

हे आमच्या सातगाव पठारावरचं, श्रावणातलं. मी वनस्पती शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि विषय होता बटाट्याच्या चार वाणांच्या पानांतली वायूंची देवाणघेवाण. त्याला आता बरीच वर्षं झाली. पण दर जूनमध्ये मंचरला पंजाबातून बेण्याच्या गाड्या यायला लागल्या की घरून फोन येतो. यंदा चुलतभावाचा आला. तो म्हणाला, "ताई, तू पानं मोजली होतीस ना? कुठल्या वाणाचं प्रकाशसंश्लेषण सगळ्यात जास्त आहे तेवढं सांग. तेच बेणं उचलतो."

फोनवर मी त्याला एका वाक्यात उत्तर देऊ शकले नाही. देता आलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. म्हणून हे लिहितेय. त्याच्यासाठी, आणि ज्यांना बेणं उचलण्याआधी हाच प्रश्न पडतो त्यांच्यासाठी.

आमच्याकडचा हिशेब आधी सांगते. आंबेगाव तालुक्यातलं हे पठार, पेठ, कुरवंडी आणि आजूबाजूची गावं. इथे बटाटा मुख्यतः खरिपात, पावसावर. देशात बहुतेक ठिकाणी बटाटा म्हणजे हिवाळ्यातलं पीक, पण पठारावर पावसाळ्यात हवा इतकी गार असते की मृगाच्या पावसानंतर लावलेला बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो. आणि उत्पादन आम्ही हेक्टरी टनांत मोजत नाही. एक कट्टा बेणं लावलं तर किती कट्टे निघाले, असं विचारतो. "यंदा कट्ट्याला किती?" एवढाच प्रश्न. माझ्या प्रबंधात सगळं मायक्रोमोलमध्ये, म्हणजे रेणू मोजायच्या बारीक मापात होतं आणि घरी सगळं कट्ट्यात. या दोन्हींच्या मधली वाट मला दोन वर्षं सापडत नव्हती.

मशीन म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकते. पानाला पारदर्शक झाकणाचा एक चिमटा लावायचा. चिमट्यातली जागा दोन बोटं मावतील एवढी, ६ चौरस सेंटिमीटर. आत जाणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ किती, बाहेर येणाऱ्या हवेत किती, हे इन्फ्रारेड किरणांनी मोजलं जातं, कारण हे दोन्ही वायू ते किरण शोषतात. दोन आकड्यांतला फरक, हवेचा वेग आणि पानाचं क्षेत्रफळ यावरून दोन गोष्टी कळतात. पानाने एका सेकंदाला किती कार्बन उचलला आणि किती पाणी सोडलं. त्यावरून तिसरी कळते, पानाची तोंडं किती उघडी आहेत. ही तोंडं म्हणजे पर्णरंध्रं. बटाट्याच्या पानाला ती दोन्ही अंगांना असतात, खालच्या अंगाला जास्त.

लोक म्हणतात "पान श्वास घेतं", तो शब्द मला इथे नको वाटतो. श्वसन पान रात्रंदिवस करतं, त्यात साखर जळते. दिवसा रंध्रांतून जो कार्बन आत येतो तो साखर बांधायला येतो. दोन्ही कामं एकाच दारातून चालतात आणि मशीनला फक्त त्यांची वजाबाकी दिसते. म्हणून आकड्याला निव्वळ वेग म्हणतात. हे लक्षात राहू द्या, फेब्रुवारीच्या रात्रीबद्दल लिहीन तेव्हा ते लागेल.

बटाट्याचं पान संयुक्त, एका देठावर पाच-सात पर्णिका. मोजायची ती टोकाची, शेंड्यापासून चौथ्या किंवा पाचव्या पानाची. त्याहून वरचं पान कोवळं, अजून घरातून खाणारं. त्याहून खालचं सावलीत जगून थकलेलं. चार वाण होते. कुफ्री ज्योती, कुफ्री पुखराज, कुफ्री सूर्या आणि मी हट्टाने मिळवलेला कुफ्री लवकर.

या शेवटच्या वाणाबद्दल थोडं सांगायचंय. कुफ्री हे सिमल्याजवळचं छोटं ठिकाण. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ साली सिमल्याला गेली. डोंगरातल्या लांब दिवसांत बटाट्याला फुलं येतात, फळं धरतात, म्हणून संकर तिथे करायचे आणि वाणाच्या नावाआधी कुफ्री लावायचं. त्या सगळ्या हिंदी-संस्कृत वळणाच्या नावांत हे एक मराठी नाव, लवकर. १९७२ साली आलेला, दख्खनच्या पठारासाठी काढलेला, लवकर तयार होणारा वाण. माझ्या आजोबांनी तो लावलेला होता. आजी सांगायची की त्याच्या काढणीला घरात नवी पासोडी यायची, कारण बाकीच्यांच्या आधी बाजारात माल जायचा. मी लहानपणी ऐकलेलं हे नाव कॉलेजात पुस्तकात छापलेलं पाहिलं तेव्हा हातातला डबा खाली ठेवून तो परिच्छेद तीनदा वाचला होता.

तर खरिपाची मोजणी. मार्गदर्शकांनी सांगितलं होतं त्याप्रमाणे चिमट्यातला दिवा १५०० वर ठेवायचा. हे प्रकाशाचं माप, भर दुपारचं स्वच्छ ऊन साधारण २००० भरतं. १५०० वर पानाची प्रकाशाची भूक भागलेली असते, म्हणून सगळ्या वाणांना सारखी संधी मिळते असा हेतू. त्या प्रकाशात आकडे पुस्तकात देतात तसेच आले, पंधरापासून बावीस मायक्रोमोलपर्यंत. वाणावाणांत फरक दिसत होता. मी खूश होते. रोज संध्याकाळी वहीत पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लावत होते.

एका दुपारी बॅटरी उतरली म्हणून दिवा बंद करून आकाशाच्या उजेडात रिडिंग घेतलं. आभाळ पठारावर टेकलेलं होतं, भुरभुर चालू होती. प्रकाश निघाला तीनशेच्या आत. पानाचा वेग आठ-दहा. दुसऱ्या वाणाचं पान लावलं, तेवढंच. तिसऱ्याचं लावलं, तेवढंच. चारही वाण एका रांगेत येऊन उभे राहिले. क्रमांक पुसले गेले.

त्या क्षणी काय चुकतंय ते कळलं. आमच्या पठारावर श्रावणात १५०० प्रकाश किती वेळ असतो? ढग फाटला तर पाच-दहा मिनिटं. बाकी दिवसभर पान उजेडाला भुकेलेलं असतं, आणि उजेडच कमी असेल तर कोणत्या वाणात कार्बन पकडणारी यंत्रणा किती तगडी आहे याला अर्थ उरत नाही. मोठा चरक आणला आणि ऊसच मिळाला नाही, तशी गत. मी महिनाभर जो फरक मोजत होते तो फरक होता खरा, पण आमच्या शेतात तो कधी वापरातच येत नव्हता.

मग खरिपात काय वापरात येतं? पानांचं क्षेत्र. ढगाळ दिवसात जो थोडका उजेड येतो तो जमिनीवर वाया न जाता पानावर पडला पाहिजे. म्हणजे सरी किती लवकर झाकली जाते, आणि किती दिवस झाकलेली राहते. पुखराज लवकर तयार होणारा, ज्योती मध्यम मुदतीचा. हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्याकडे पानाचं आयुष्य म्हणून कोणी बघत नाही. लवकर तयार होणारा वाण भराभर पाला करतो, लवकर बटाटा धरतो आणि पाला लवकर पिवळा पडतो. मध्यम मुदतीचा पाला जास्त दिवस कमावता राहतो, करप्याने राहू दिला तर. आमच्याकडे सतत धुकं आणि झिमझिम राहिली की उशिराचा करपा आठ दिवसांत पाला काळा करतो. तेव्हा ज्योतीच्या पानाचे ते जास्तीचे दिवस कागदावरच राहतात.

इथे मी आप्पांबरोबर एक हिशेब केला होता. आरणीजवळ, म्हणजे काढलेल्या बटाट्याच्या ढिगाजवळ बसून, बेण्याच्या कट्ट्यावरच्या पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलीने. समजा पानाचा वेग चौरस मीटरला दर सेकंदाला २० मायक्रोमोल. एका चौरस मीटर पानाला एका तासात त्यातून दोन ग्रॅमांहून थोडी जास्त साखर होते. बटाट्यात साधारण पाचवा हिस्सा कोरडा माल आणि बाकी पाणी. म्हणजे तासाला दहा ग्रॅम ओला बटाटा, तोही पानाने, देठाने, मुळाने स्वतःसाठी काही ठेवलं नाही तर. आप्पा बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ढगात पाच." हो, ढगात पाच. "आणि करप्याने अर्धा पाला गेला तर अडीच." हो. ते उठले आणि फवारणीचा पंप बघायला गेले. माझ्या दोन वर्षांच्या कामाचा इतका सरळ उपयोग दुसऱ्या कोणी केला नाही.

रब्बीची मोजणी मामांच्या शेतात केली, मंचरच्या खालच्या अंगाला, घोड नदीच्या खोऱ्यात. तिथे विहीर, ठिबक, काळी जमीन. लावणीला जरा उशीर झाला होता, त्यामुळे बटाटा पोसायचे दिवस नेमके फेब्रुवारीत आले. सगळंच उलटं. आभाळ कोरं, ऊन पोटभर. इथे प्रकाश कमी पडणार नव्हता. इथे कमी पडणार होतं पाणी आणि वाढणार होती उष्णता.

सकाळी नऊला चारही वाणांचे आकडे छान. साडेदहापर्यंत अजून छान. मग मी एक गोष्ट केली जी मोजणीच्या वेळापत्रकात नव्हती. मार्गदर्शकांचा नियम होता, नऊ ते अकरा मोजा, कारण तेव्हा पान स्थिर असतं. मी अकराला मशीन बंद केलं नाही. मामींनी भाकरी बांधून शेतात पाठवली आणि मी चारपर्यंत त्याच सोळा झाडांवर फिरत राहिले.

बारानंतर हवा कोरडी झाली, पारा ३३ च्या पुढे गेला, आणि वाण एकमेकांपासून वेगळे व्हायला लागले. एका वाणाने साडेबारालाच तोंडं मिटून घेतली. पाणी वाचलं, पण कार्बनही थांबला. सकाळच्या वेगाच्या निम्म्याखाली आला आणि तीनपर्यंत तसाच पडून राहिला. दुसऱ्याने तोंडं बऱ्यापैकी उघडी ठेवली, कार्बन चालू ठेवला, पण पाण्याचा खर्च इतका की ठिबक एक दिवस चुकलं तर दुसऱ्या दिवशी त्याचीच पानं सर्वांत आधी लोंबली. कोणता वाण कोणता, ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही. एका हंगामाच्या, एका शेतातल्या सोळा झाडांवरून बेण्याच्या बाजारात एखाद्या वाणाचं नाव खराब व्हावं असं मला वाटत नाही. वाण दोन स्वभावांचे असतात एवढं पुरे. काही जपून वागतात, काही खर्चीक असतात. आणि दोन्ही स्वभाव कुठे ना कुठे योग्य असतात.

बटाट्याला पाण्याची ही चिंता जास्तच असते. त्याची मुळं बहुतेक वरच्या फूट-सव्वा फुटात, त्यामुळे खालच्या ओलीपर्यंत हात पोचत नाही. जमिनीत ओल जराशी कमी झाली की तोंडं आखडती होतात, आपल्या डोळ्यांना पान कोमेजलेलं दिसण्याच्या पुष्कळ आधी. कार्बनचा एक रेणू आत घेताना पाण्याचे दोन-अडीचशे रेणू बाहेर जातात, हा साध्या सकाळचा भाव. दुपारी तो आणखी महागतो.

मशीन आणखी एक आकडा देतं, तो मला सर्वांत आवडतो. पानाच्या आतल्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड किती आहे त्याचा अंदाज. बाहेर ४०० असताना चांगल्या पाण्यातल्या पानात आत २८० च्या आसपास असतो. आता समजा दुपारी वेग पडला. आतला आकडाही पडला असेल तर दोष दाराचा, दार बंद म्हणून माल येत नाही. पण वेग पडला आणि आतला आकडा तसाच राहिला किंवा चढला, तर माल आत पडून आहे आणि कारखाना चालत नाही. उष्णतेने आतली यंत्रणाच दमली आहे. पहिल्या दुखण्याला संध्याकाळचं पाणी पुरतं. दुसऱ्याला नुसतं पाणी पुरत नाही. दोन वाणांचा दुपारचा वेग अगदी सारखा आला आणि आजार दोन वेगवेगळे निघाले, असं मी पाहिलंय. फक्त वेगाचा आकडा घेऊन बसले असते तर दोघांना एकच औषध दिलं असतं.

उष्णतेचा दुसरा घाव रात्री बसतो, आणि तो पानाच्या चिमट्यात दिसतच नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसन साधारण दुप्पट होतं. दिवसाची कमाई तीच, पण गरम रात्रीत झाड त्यातलं जास्त जाळून टाकतं. आणि तिसरा घाव सगळ्यात खोल. रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर राहू लागलं की बहुतेक वाणांत बटाटा धरणंच मंदावतं. पान साखर करतं, पण ती जमिनीखाली जात नाही, पाल्यात जाते. झाड उंच, हिरवंगार, बघणारा म्हणतो काय पीक आलंय, आणि उपटलं तर खाली गोट्या. याचं कारण पानात आहे. बटाटा धरायचा निरोप पानातून निघून खाली जातो. २०११ साली संशोधकांनी दाखवून दिलं की या निरोपाचं काम एसपी-सिक्स-ए नावाचं प्रथिन करतं, दुसऱ्या झाडांत फुलोऱ्याचा निरोप नेणाऱ्या प्रथिनाचंच भावंड. उष्णतेत हा निरोप पानातच कमी तयार होतो.

म्हणून कुफ्री सूर्याचं महत्त्व. गरम हवेतही बटाटा धरतो म्हणून हा वाण २००६ साली दिला गेला. आणि याची आई कोण? कुफ्री लवकर. लवकर आणि एलटी-१ नावाचा उष्णता सोसणारा वाण यांचा तो संकर. आमच्या आजोबांच्या शेतातला तो वाण स्वतः मागे पडला, पण त्याचं रक्त आज भारतातल्या गरम भागांसाठीच्या वाणात वाहतंय. मामांच्या शेतात मी त्या दोघांच्या ओळी शेजारी शेजारी लावून घेतल्या होत्या. मोजणीच्या नियमात ते बसत नव्हतं, ओळी चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या असतात. म्हणून त्या दोन ओळी मी मोजणीत धरल्या नाहीत. त्या माझ्यासाठी होत्या.

अजून एक गोष्ट चुलतभावाला सांगायची आहे, कारण त्याच्या प्रश्नाच्या मुळाशी हीच समजूत आहे की पान जोरात चाललं म्हणून बटाटा मोठा होतो. उलटंही तितकंच खरं. बटाटा ओढतो म्हणून पान जोरात चालतं. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये प्रयोग झाले. वाढत्या झाडाचे बटाटे काढून घेतले की पानांची कमाई उतरते. साखर उचलायला कोणी नाही, ती पानात साठते आणि पान स्वतःला आवरतं. मी हे एकदा आमच्या शेतात, मोजणीबाहेरच्या दोन झाडांवर करून पाहिलं. माती हाताने सारून बटाटे खुडले, परत भर लावली. आईला ते अजिबात आवडलं नाही. तिने ते कोवळे बटाटे पदरात गोळा केले, संध्याकाळी सालासकट रस्सा केला आणि जेवताना मला म्हणाली, "परत असं करू नकोस." पाच दिवसांनी त्या दोन झाडांच्या पानांचा वेग शेजारच्यांपेक्षा खाली होता. दोनच झाडं, त्यामुळे पुरावा म्हणून नाही. पण स्वतःच्या हाताने केलेलं आणि पडद्यावर दिसलेलं मी विसरू शकत नाही.

म्हणजे ज्या वाणाचा बटाटा लवकर धरतो आणि जोरात ओढतो त्याच्या पानाचा आकडा त्या आठवड्यात मोठा येणारच. महिन्याने तुलना करा, तो वाण म्हातारा झालेला असेल आणि मध्यम मुदतीचा वाण जोरात असेल. एकाच दिवशी सगळ्या वाणांना चिमटा लावून क्रमांक काढणं म्हणजे एकाच दिवशी आजोबा आणि नातू यांची शर्यत लावणं. मी लावणीपासूनचे दिवस धरून मोजत होते, सारखे दिवस. खरं तर बटाटा धरल्यापासूनचे दिवस धरायला हवे होते. तोंडी परीक्षेत मला हे कोणी विचारलं नाही. मीच सांगितलं.

आता मशीन माझ्याकडे नाही, किंमत कित्येक लाखांत असते. पण पानाची तोंडं उघडी आहेत की मिटली हे कळायला दरवेळी मशीन लागत नाही. पाणी बाहेर पडत असतं तोवर पान गार राहतं, मडक्यासारखं. तोंडं मिटली की तापतं. करोनाच्या काळात आणलेली थर्मामीटरची बंदूक घरोघरी पडून आहे. तिच्यात वस्तूचं तापमान दाखवायची सोय असेल तर ती पानावर चालते. एकाच शेतात, एकाच वेळी, दोन वाणांची सारखी पानं घ्यायची, दोन्हींवर ऊन सारखं पडलेलं. फरक दोन-तीन अंशांचा असू शकतो. आप्पा तर बंदूकही वापरत नाहीत. पानाच्या खाली बोटांची मागची बाजू धरतात. मामांच्या शेतात त्या दुपारी त्यांनी ओळीतून चालत जाऊन "ही ओळ गार, ही तापली" असं सांगितलं होतं, आणि मी मागून चिमटा लावत गेले. बाराच्या बारा ओळींत एकदाही माझ्या आकड्याने त्यांना खोटं पाडलं नाही.

चुलतभावाला मी काय सांगितलं, ते लिहून थांबते. खरिपाला पठारावर वेगाचा विचार सोडून दे. तिथे जो वाण लवकर सरी झाकतो आणि करप्याआधी पोसून मोकळा होतो तो घे, आणि बेण्यावर पैसे वाचवू नकोस, कारण रोगट बेण्याचा पाला कधीच पुरता पसरत नाही. रब्बीला उशीर होणार असेल तर सूर्याच्या चार ओळी लावून बघ. पाणी बेभरवशाचं असेल तर दुपारी तोंड मिटणारा जपून वागणारा वाण, ठिबक भरवशाचं असेल तर खर्चीक. आणि तुझ्या शेतात कोण जपून आणि कोण खर्चीक, ते तुलाच बघावं लागेल.

"कधी बघू?" त्याने विचारलं.

पाणी दिल्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी दीड वाजता. शेंड्यापासून चौथं पान, उन्हात असलेलं. वारा थांबू दे, मग हात धर.